बाळाला घेऊन बाहेर पडताना बॅग कशी निवडावी

डायपर बॅग बघायला दुकानात गेलात की विक्रेता पहिल्यांदा कप्पे मोजून दाखवतो. ऑनलाइनही तेच. सोळा कप्पे, अठरा कप्पे, बाटल्यांसाठी तीन वेगळे आणि वर मोबाइल चार्जिंगची वायर. या आकड्यांना भुलू नका. बाळ कडेवर असलं की तुमचा एकच हात मोकळा असतो. अंधाऱ्या रिक्षात, न बघता, त्या एका हाताला डायपर सापडला पाहिजे. अठरा कप्प्यांच्या बॅगेत तो नेमका सतराव्या कप्प्यात असतो.

पहिलटकरणींनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी बॅग घ्यायच्या आधी काय बघावं, घेतल्यावर ती कशी भरावी, ते इथे क्रमाने लिहिते आहे. बारशाला बॅग भेट मिळणार असेल तर देणाऱ्या आत्या-मावशीला हे आधीच वाचायला द्या. टेडीची चित्रं असलेली गुलाबी बॅग घरात येण्याची शक्यता थोडी कमी होईल.

पायरी १: आधी प्रवास ठरवा

पहिल्या सहा महिन्यांत तान्हं बाळ फारसं कुठे जात नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी, डॉक्टरांच्या एक-दोन चकरा, आजोळाहून सासरी जायचा प्रवास, आणि टाळता न येणारं एखादं लग्न. या फेऱ्या तुम्ही कशाने करणार, याचं उत्तर बॅगेचा प्रकार जवळपास ठरवूनच टाकतं.

लोकल, बस किंवा एसटीने जाणार असाल तर पाठीवरची सॅकच घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात, वजन दोन्ही खांद्यांवर विभागलं जातं, आणि चढताना दांडी धरता येते. बाळंतपणानंतर कंबर आधीच कुरकुरत असते, त्यात एकाच खांद्यावर पाच किलो लटकवू नयेत. सॅकची अडचण गर्दीत कळते. बाळ पुढे कॅरिअरमध्ये आणि सॅक पाठीवर असेल तर मागची चेन कोण उघडतंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून पाठीला टेकणाऱ्या बाजूला एक चोरकप्पा असलेली सॅक शोधा. पैसे, पास, लसीकरणाचं कार्ड तिथे ठेवा.

स्कूटरचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. नवरा चालवणार, तुम्ही बाळाला घेऊन मागे बसणार. आता सॅक कोणाच्या पाठीवर? त्याच्या पाठीवर असेल तर ती थेट बाळाच्या तोंडासमोर येते आणि प्रत्येक ब्रेकला दाबते. तुमच्या पाठीवर असेल तर तिचं वजन तुम्हाला मागे ओढतं आणि दोन्ही हात बाळात गुंतलेले असतात. सॅकच्या वरच्या बाजूला मजबूत उचलपट्टी असेल तर ती पुढच्या हुकाला अडकवून पाय ठेवायच्या जागेत उभी करता येते. तिथे मावेल इतकीच बॅग घ्यायची, म्हणजे मोजून घ्यायची. अगदी तान्ह्याला दुचाकीवर नेऊच नये, रिक्षा करावी, असं माझं मत आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा केंद्राच्या नियमांत आहे. म्हणजे पुढे मूल मोठं झाल्यावरही सामानात एक हेल्मेट वाढणारच.

रिक्षा किंवा स्वतःची गाडी असेल तर खांद्यावरची रुंद तोंडाची बॅग चालते. आत सगळं एका नजरेत दिसतं, हे तिचं मोठं सुख. पण दुकानात तिला एकदा खांद्यावर घेऊन वाका, बाळाला पलंगावरून उचलताना वाकतो तसं. पट्टा घसरून बॅग पुढे आली ना? घरी ती अशीच बाळाच्या डोक्यावर येणार. आडवा, छातीवरून जाणारा लांब पट्टा लावता येत असेल तरच ती घ्या.

पायरी २: सामान पलंगावर मांडा

बॅग घ्यायच्या आधी तीत काय जाणार ते घरी मांडून बघा. अर्ध्या दिवसाच्या फेरीला साधारण एवढं लागतं:

- डायपर: दर तीन-चार तासांना एक, शिवाय दोन जास्तीचे. शी झाली की वेळ न बघता लगेच बदलायचा असतो, म्हणून ते दोन. लंगोट वापरत असाल तर ही संख्या दुप्पट धरा.
- वाइप्सचं छोटं पाकीट आणि पुरळासाठी डॉक्टरांनी दिलेलं मलम.
- घडी होणारी ड्राय शीट किंवा मेणकापडाचा तुकडा, वर अंथरायला सुती दुपटं.
- कपड्यांचे दोन पूर्ण जोड, टोपरं, दोन लाळेरी.
- ओल्या कपड्यांसाठी घट्ट बंद होणारी पिशवी, आणि जुनी वर्तमानपत्रं.
- तुमच्यासाठी एक कुर्ता किंवा टॉप. ढेकर काढताना बाळ दूध कुठे टाकेल ते सांगता येत नाही.
- पाण्याची बाटली, तुमच्यासाठी. दूध पाजणाऱ्या आईला तहान लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं.

हे सगळं १५ ते २० लिटरच्या सॅकमध्ये बसतं. त्यापेक्षा मोठी घेतलीत तर ती भरली जातेच, कारण रिकामी जागा दिसली की घरातलं कोणीतरी त्यात आणखी एक गोधडी कोंबतं. मांडलेल्या ढिगाचं वजनही करून बघा. बाळाचं जन्माच्या वेळचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होतं. बॅगेचं वजन आज सोसतंय म्हणून पुढेही सोसेल असं नाही. रिकामी बॅगच पाऊण किलोच्या वर जात असेल तर ती परत ठेवा. भरपूर फोम घातलेल्या, दिसायला दणकट बॅगा इथे नापास होतात.

पायरी ३: दुकानात हे करून बघा

शक्यतो प्रत्यक्ष हात लावून घ्या. तुळशीबाग, दादर, क्रॉफर्ड मार्केट, कुठेही जा, पण चेन स्वतः ओढून बघा.

डाव्या हातात तुमची पर्स बाळासारखी धरा. आता उजव्या हाताने बॅगेची मुख्य चेन उघडा आणि बंद करा. एका हाताने ओढताना बॅगच वर येत असेल, किंवा चेन वळणावर अडकत असेल, तर पुढची बॅग बघा. मुख्य चेनला दोन रनर हवेत, म्हणजे कुठल्याही बाजूने उघडता येते. चेनचे दात जाड असावेत. बॅग भरली की सगळा ताण चेनवर येतो आणि बहुतेक बॅगांचा शेवट चेननेच होतो.

पट्टा बॅगेला जिथे जोडला आहे ती जागा उलटून बघा. तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण असेल तर उत्तम. नुसती एक आडवी शिवण असेल आणि आतून दोरे लोंबत असतील, तर ती किती दिवस टिकेल हे विचारायलाच नको. पट्टा रुंद, गादीचा, आणि लांबी कमी-जास्त करता येणारा असावा, कारण ही बॅग आज तुम्ही, उद्या नवरा आणि परवा आजोबा उचलणार आहेत.

बॅगेचं तोंड किती उघडतं ते बघा. वरून चिंचोळ्या तोंडाच्या सॅकमध्ये तळाला गेलेला लंगोट काढायचा म्हणजे सगळं सामान बाकावर ओतावं लागतं. तोंडाला तारेची चौकट असलेल्या सॅक डॉक्टरांच्या बॅगेसारख्या सताड उघड्या राहतात. त्या चांगल्या. सुटकेससारख्या पूर्ण आडव्या उघडणाऱ्या घरी छान वाटतात, पण एसटीच्या सीटवर त्यांना उघडायला जागाच नसते.

अस्तर फिकट रंगाचं हवं. काळ्या अस्तरात काळं टोपरं, गडद रंगाच्या औषधाची बाटली, सगळं गडप होतं.

कापड पॉलिएस्टरचं किंवा नायलॉनचं घ्या. लेबलवर ६०० डेनियर किंवा आसपास लिहिलेलं असेल तर कापड पुरेसं जाड आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन बाहेरून पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर पावसाच्या सरीत थोडा वेळ निभावेल. धो धो पावसात कुठलीच चेन पाणी अडवत नाही, तिथे सॅकवर चढवायचं रेनकव्हरच लागतं. रेक्झिनची, चामड्यासारखी दिसणारी बॅग मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत घेऊ नका. काही काळाने तिचे पोपडे निघायला लागतात. मोठ्यांच्या पर्सचं ते ठीक आहे, पण इथे ते पोपडे बाळाच्या दुपट्याला आणि तिथून तोंडात.

आणि वेल्क्रो. तासभर डोलवून झोपवलेल्या बाळाशेजारी वेल्क्रोचा कप्पा उघडून बघा एकदा. तो ‘चर्रर्र’ आवाज कुठल्याही हॉर्नपेक्षा परिणामकारक असतो. शिवाय त्याला लोकरीचं टोपरं, दुपट्याचे दोरे चिकटून बसतात. चुंबकाचं बटण किंवा साधी चेन बरी.

रंगाबद्दल एकच सांगते. जो पुरुष ही बॅग उचलणार आहे त्याला लाज वाटणार नाही असा घ्या. करडा, निळा, काहीही. लाजेपोटी सामान बायकोच्या खांद्यावरच राहणार असेल तर बॅग सुंदर असून उपयोग काय? मूल मोठं झाल्यावर साध्या रंगाची सॅक ऑफिसलाही नेता येते.

पायरी ४: कप्पे किती, कुठले

तीन कप्पे खरोखर कामाचे. बाकीचे असले तर असोत.

पहिला ओल्याचा. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला आणि बाकी सामानापासून वेगळा. तो नसेल तर वेगळी घट्ट पिशवी ठेवली की भागतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दुसरा बाटली उभी राहील असा खोल कप्पा. बाटली आडवी झाली की झाकण कितीही घट्ट असो, गळतेच. तिसरा बाहेरचा सपाट कप्पा, फाइल आणि कार्डासाठी.

बाटली गार-गरम ठेवणारा चंदेरी अस्तराचा कप्पा हा बॅगांच्या जाहिरातीतला लाडका मुद्दा. तो कप्पा स्वतः काही गार करत नाही. आत जे ठेवाल त्याचं तापमान थोडं हळू बदलतं, एवढंच. काढलेलं आईचं दूध २५ अंशांच्या आसपास चार तासांपर्यंत ठेवता येतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये २५ अंश फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात, तेव्हा सोबत बर्फाचा गोठवलेला पॅक ठेवल्याशिवाय त्या कप्प्यावर विसंबू नका. आई बाळासोबत असेल आणि अंगावर पाजत असेल तर या कप्प्याची गरजच नाही. एक मोठी ओढणी पुरते.

डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं असेल तर ते घरून बनवून नेऊ नका. पावडर मोजून कोरड्या डबीत वेगळी, आणि उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये वेगळं. ही पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश गरम असताना ती कालवून, बाटली नळाखाली गार करून, मनगटावर थेंब टाकून मगच द्यायचं. बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं आणि बाळाने उष्टं ठेवलेलं पुन्हा द्यायचं नाही. म्हणजे तुमच्या बॅगेत थर्मास उभा राहील एवढी उंची हवी. दुकानात जाताना थर्मास बरोबर घेऊन जा.

पायरी ५: भरायची कशी

मोठ्या बॅगेत एक छोटी पिशवी ठेवा. तिच्यात एक डायपर, वाइप्स, शीट, मलम आणि एक कागदी पिशवी. बदलायची वेळ आली की फक्त ही पिशवी घेऊन जायचं, सॅक नवऱ्याकडे किंवा सीटवर. सार्वजनिक स्वच्छतागृहात सॅक ठेवायला कोरडी जागा मिळत नाही. पिशवीला मनगटात अडकेल असा बंद असला की झालं. आल्यावर लगेच दुसरा डायपर भरून ठेवायचा, ही सवय दोघांनीही लावून घ्यायची.

कपड्यांचा प्रत्येक जोड वेगळ्या पारदर्शक पिशवीत. झबलं, लंगोट, टोपरं एकत्र. त्याच पिशवीत नंतर खराब कपडे जातात. जड सामान, म्हणजे थर्मास आणि पाण्याची बाटली, पाठीच्या बाजूला. हलकं आणि मऊ ते बाहेरच्या बाजूला. डायपर सगळ्यांत वर किंवा कडेला उभे.

लशीच्या दिवसाचं वेगळं बघावं लागतं. दीड महिन्याच्या लशींमध्ये पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब तोंडात असतात, पण सुया दोन्ही मांड्यांवर आणि उजव्या दंडावरही असतात. म्हणून पुढून पूर्ण उघडणारं सैल झबलं घाला. अंगाला घट्ट बसणारा, पायापर्यंतचा सूट असेल तर रडणाऱ्या बाळाला तिथेच सोलावं लागतं आणि मागे रांग उभी असते. माता-बाल संरक्षण कार्ड बाहेरच्या सपाट कप्प्यात, पहिल्यांदा मागतात तेच. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात, तेव्हा एक जास्तीचं दुपटं आणि तुमच्यासाठी दोन बिस्किटं असू द्या. तापाचं औषध बरोबर हवं का, आणि किती द्यायचं, हे नर्सताईंना तिथेच विचारून कार्डावर लिहून घ्या.

सहा महिन्यांनंतर बॅग बदलते. डायपर कमी होतात आणि वाटी-चमचा, बोंडलं, उकळून गार केलेलं पाणी आत येतं. घरून नेलेलं खिमट किंवा नाचणीची पेज उन्हाळ्यात लवकर आंबते. लांबच्या प्रवासाला केळं बरं, त्याला डबा लागत नाही. विमानाने जात असाल तर बाळाचं दूध आणि जेवण प्रवासापुरतं सोबत नेता येतं. तपासणीला ते वेगळं काढून दाखवावं लागतं, तेव्हा तेही वरच ठेवा.

पायरी ६: बाहेर बदलायचं कुठे

मॉलमध्ये आणि विमानतळावर बाळाची खोली असते. बऱ्याच एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष आहेत, पाजायला आणि बदलायलाही. दार बंद दिसलं तर वाहतूक नियंत्रकाकडे विचारा. रेल्वेत बहुतेक वेळा आपला बर्थच उपयोगी पडतो. खालचा बर्थ, त्यावर मेणकापड, वर दुपटं, आणि बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागत नाही. लोकलमध्ये बदलायच्या भानगडीत पडू नका. उतरा, फलाटावरच्या बाकावर बदला आणि पुढची गाडी पकडा.

एक हात बाळावरून काढायचा नाही, अगदी बाळ उलटत नसलं तरी. म्हणून डायपर उघडायच्या आधी नवा डायपर बाळाच्या खाली सरकवून ठेवायचा, वाइप्सचं पाकीट उघडून ठेवायचं, मग जुना सोडायचा.

वापरलेला डायपर गुंडाळून, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करून, वर्तमानपत्रात बांधा. तो संडासात किंवा रुळावर टाकायचा नाही, ओल्या कचऱ्यातही नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला ते न उघडताच कळतं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक लाल स्केचपेन ठेवायला काय जातं?

घरी आल्यावर

बॅग त्याच रात्री रिकामी करा. ओल्याची पिशवी उलटी करून धुवा आणि वाळत घाला, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत अस्तराला बुरशीचा वास लागतो आणि तो जात नाही. दूध सांडलं असेल तर गार पाण्याने आधी पुसा. गरम पाण्याने दुधाचा डाग बसतो. बॅग मशीनमध्ये टाकायच्या आधी लेबल वाचा, तारेच्या चौकटीची असेल तर हातानेच. चेन जड जायला लागली तर तिच्या दातांवरून मेणबत्ती घासा. रनर सैल होऊन चेन मागून उघडू लागली तरी बॅग टाकून देऊ नका, कोपऱ्यावरचा बॅग दुरुस्तीवाला तो थोडक्या पैशांत बदलून देतो.